खेकडे उतरायच्या दिवसांत

२१ एप्रिल, रविवार

डॉक्टर ऊर्रेगोंचं उत्तर आलं. नक्की झालं. मेडेलीनहून आठ जण, चौदा मे ते अठरा मे, रोज दोन बुड्या, आणि सगळी व्यवस्था माझी. दुसऱ्याच्या दुकानात पगारी वाटाडी म्हणून नाही, माझ्या स्वतःच्या पाटीखाली. सात वर्षं मी लोकांच्या हवेच्या टाक्या उचलल्या, लोकांच्या पाहुण्यांचे चष्मे धुतले. आता पाटीवर 'नोएमी ब्रिटन' लिहिलंय आणि त्या पाटीचे पहिले पाहुणे येतायत.

जेवताना मी ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. एल्व्हिना आत्याने तिथल्या तिथे देवाचे आभार मानले. पापांनी ताटातला मासा अर्धा टाकला, काठी घेतली आणि उठून अंगणात गेले. एक शब्द नाही. पोटच्या पोरीचं काही चांगलं झालं तर माणूस निदान 'हं' तरी म्हणतो.

पण त्यांनी अबोला धरलाय. गेल्या जूनपासून, अकरा महिने होत आले. एका घरात राहतो, एका भांड्यातलं खातो, आणि निरोप आत्यामार्फत. कारण काय, तर मी खरं बोलले. चर्चच्या अंगणात चार लोकांसमोर ते मला सांगत होते की समुद्रात पोटासाठी उतरावं, गमतीसाठी नाही, आणि तू त्या शहरी लोकांना खाली नेऊन एक दिवस मारशील. मी म्हणाले, पाण्यातलं तुम्ही मला शिकवू नका. किती खोल, किती वेळ, वर येताना कुठे थांबायचं याचा एक साधा तक्ता तुम्हाला वाचता आला असता तर आज दोन्ही पायांवर उभे असता. अडाणी माणसाने शिकवायला जाऊ नये.

यात खोटं काय आहे? तीस वर्षं त्यांनी उत्तरेच्या खडकांवर लॉब्स्टर पकडले, एक दिवस खोलातून घाईने वर आले, रक्तात हवेचे बुडबुडे झाले आणि डावा पाय कायमचा अधू झाला. मी फक्त बोलून दाखवलं.

२४ एप्रिल

डॉक्टरांचे प्रश्न संपत नाहीत. सकाळी पाच, दुपारी चार. पाण्याचं तापमान किती, शार्क किती, शाकाहारी बाई एक आहे तिला काय देणार. शाकाहारी बाईला ब्रेडफ्रूट आणि भात देणार, आणखी काय.

सामानाचा घोळ मोठा आहे. शेजारच्या मोठ्या बेटावरून, सान आंद्रेसहून, येणाऱ्या चिमुकल्या विमानात माणशी दहा किलो चालतं. यांच्या नुसत्या पायांतल्या पंखांचंच वजन चार किलो. मी लिहिलं, जड सामान चार दिवस आधी मालाच्या बोटीने पाठवा, हार्लन धक्क्यावरून उचलून आणेल. हार्लन म्हणजे माझा मावसभाऊ, माझी होडी तोच चालवतो, आणि या बेटावर वेळेवर उठणारा तो एकटाच पुरुष आहे.

डॉक्टरांनी असंही विचारलं की घाईने वर आलेल्या माणसाला ज्या दाबाच्या खोलीत ठेवतात ती तुमच्याकडे कुठे आहे. मी लिहिलं, सान आंद्रेसला, विमानाने वीस मिनिटं, पण माझ्या सात वर्षांत एकदाही लागलेली नाही. हे वाक्य लिहिताना पापा मागून लंगडत गेले. त्यांना वाचता येत नाही याचं बरं वाटलं.

संध्याकाळी पाऊस झाला आणि डोंगरावरून पहिले काळे खेकडे समुद्रात अंडी सोडायला खाली आले. या वर्षी लवकर निघालेत. साउथवेस्ट बेच्या वळणावर नौसैनिकांनी रस्ता बंद करून दोरी बांधलीय. आता दोन महिने त्यांचं राज्य. मारायचं नाही, खायचं नाही, गाडीखाली घ्यायचं नाही, आणि घरात आले तर हात जोडून बाहेर काढायचं.

२७ एप्रिल

आज मी एका खेकड्याशी भांडले.

टाक्यांत हवा भरायचा कॉम्प्रेसर परसातल्या शेडमध्ये आहे. जुना आहे, पेट्रोलवर चालतो, दिवसाला चार टाक्या भरतो आणि मग दमतो. टाक्या वीस, म्हणून मी आतापासूनच भरायला लागलेय. आत हवा ओढणारी नळी मी शेडच्या खालच्या फटीतून वाऱ्याच्या बाजूला बाहेर काढली होती, पुस्तकात दिलंय तशी. दुपारी मशीन अचानक घुसमटल्यासारखं वाजायला लागलं. पाहते तर नळीच्या तोंडात खेकडा, हा एवढा, मागे सरायला तयार नाही. ओढला तर माझं बोट धरलं. हार्लन जमिनीवर बसून हसत होता. मी त्याला म्हटलं, हस, मेडेलीनची शाकाहारी बाई तुझ्याच होडीत बसवते.

मग मी नळी आत घेतली. शेडची खालची फट सगळीकडून फळ्या ठोकून बंद केली, फळ्यांच्या सांध्यांत पोती कोंबली. इंजिनाच्या धुराचा पाइप मागच्या फळीत बरोबर मापाचं भोक पाडून बाहेर काढलाय. धूर बाहेर जातो, डोळ्यांनी पाहिलं. आता एक खेकडा आत येऊन दाखवू दे.

३० एप्रिल

सकाळी शेडमध्ये गेले तर मागची फळी उपटून भिंतीला टेकवलेली. आत अकरा खेकडे. एक मशीनच्या पट्ट्यावर, एक पेट्रोलच्या डब्यावर, दोन माझ्या कागदांवर.

कुणी केलं हे विचारायची गरज नव्हती. मातीत काठीची भोकं होती. मी आत्याला म्हटलं, तुझ्या भावाला सांग, माझ्या शेडला हात लावायचा नाही. आत्या अंगणात गेली, दोन मिनिटांनी परत आली. म्हणाली, "सांगितलं."

"मग काय म्हणाले?"

"काही नाही. तुझ्या शेडकडे बघत बसलाय."

मी फळी परत ठोकली, या वेळी सहा खिळ्यांनी.

२ मे

पुन्हा काढली. पुन्हा ठोकली. चार टाक्या भरल्या. डोकं ठणकतंय. रागाने डोकं उठतं असं आई म्हणायची ते खरं आहे.

४ मे

डॉक्टरांनी बुड्यांचा क्रम ठरवून पाठवलाय, जणू काही समुद्र त्यांच्या दवाखान्यात आहे. पहिल्याच दिवशी त्यांना तीस मीटर खोलीवरची खडकाची भिंत पाहायची आहे. मी लिहिलं, पहिल्या दिवशी बारा मीटर, तुमचं पोहणं मी आधी पाहणार, मग भिंत. त्यांचं उत्तर आलं की हे आवडलं, अशाच शिस्तीच्या माणसाच्या शोधात होतो. हे पत्र मी दोनदा वाचलं. या घरात मला कुणी असं म्हणत नाही.

आज पापांना रंगेहाथ पकडलं. मी मशीन चालू करून टाकी लावत होते, वळून पाहते तर हे मागच्या बाजूला वाकून पाठीमागे काठी टाकून दोन्ही हातांनी फळी ओढतायत. मी इंजिन बंद केलं. म्हटलं, "पापा, पुरे झालं. काय हवंय तुम्हाला?"

ते सरळ उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या नाकाला दोनदा बोट लावलं, शेडच्या आत बोट दाखवलं आणि गेले.

मला काय कळत नाही का? मी नाक वर करून फिरते असं म्हणायचंय त्यांना. गावात हेच बोलतात ते, मला ठाऊक आहे. चार बुकं शिकली आणि नाकाने बोलायला लागली. असू दे. निदान माझं नाक माझ्या स्वतःच्या शेडमध्ये आहे.

शेडमध्ये पेट्रोलचा थोडा वास येतो हे खरं. पण त्यासाठी मशीनला गाळणी आहे, नवी घातलीय, टाकीत वासाचा लवलेशही जात नाही. तोंडाला लावून पाहिलं.

डोकं आजही. दोन गोळ्या घेतल्या.

७ मे

हद्द झाली. पापांची करडी कोंबडी कॉम्प्रेसरच्या मागे उबेला बसायची, ती मेली. त्यांनी ती उचलून माझ्या शेडच्या उंबऱ्यावर आणून ठेवली, पाय सरळ करून. म्हणजे मी मारली असा आरोप. मी आत्याला बोलावून सांगितलं, मी उंदरांचं औषध टाकलेलं नाही, हवं तर बायबलवर हात ठेवते. कोंबडीला काही झालेलंही दिसत नव्हतं, तुरा लालभडक, जिवंतपणी होता त्याहून लाल. म्हातारी झाली होती, मेली.

आत्या म्हणाली, "नोएमी, तू एकदा जाऊन त्याच्याजवळ बस ना. काहीतरी सांगायचंय त्याला."

"मग सांगू दे. तोंड कुणी शिवलंय?"

"तूच शिवलंस, बाई."

मी ताट सरकवून उठले. आत्याही त्यांच्याच बाजूची. भावाचीच बहीण शेवटी.

९ मे

आज बरा दिवस. हार्लनबरोबर जाऊन होडी बांधायचे तीन तरंगते दोर तपासले. मी वीस मीटरवर उतरले, चाळीस मिनिटं. पाणी इतकं स्वच्छ होतं की वर होडीतून वाकून पाहणारा हार्लनचा चेहरा दिसत होता. बरोबर नेलेल्या दोन्ही टाक्या वीस एप्रिलला भरलेल्या, हवा उत्तम, वर आले तर डोकं हलकं. घरी आले आणि परसात पाय ठेवल्याबरोबर पुन्हा ठणकायला लागलं. माझं दुखणं कुठे बसलंय ते यावरून कळावं. अंगणात, वेताच्या खुर्चीत, काठी घेऊन.

मालाची बोट उद्या. डॉक्टरांचं सामान निघालंय.

११ मे

सकाळी सामान ठेवायला शेडमध्ये गेले. अठरा टाक्या भरून रांगेत लावल्या होत्या. सगळ्यांच्या तोट्या उघड्या. सगळ्या रिकाम्या. दोन आठवड्यांचं काम सगळं परसात सोडून दिलेलं. पाहुणे तीन दिवसांवर.

मी अंगणात गेले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, तुमचा पाय गेला म्हणून सगळ्या जगाने लंगडत चालायचं का? स्वतःला जमलं नाही ते पोरीला जमतंय हे बघवत नाही तुम्हाला. अडाणी तर होतातच, आता वाईटही झालात. हार्लनने मागून माझा दंड धरला. पापा खुर्चीत बसून होते. त्यांचे ओठ हलले असं वाटलं, पण माझं बोलणं संपलं नव्हतं आणि ते संपेपर्यंत ओठ बंद झाले होते.

मग दिवसभर काम. हार्लनने धक्क्याजवळच्या दुकानातून मोठं कुलूप आणलं. दार कुलूपबंद. फळ्यांवर दुसऱ्या फळ्या ठोकल्या, वरच्या झरोक्यालाही ताडपत्री लावली, कारण काठीने ते तिथूनही काही करू शकतात. मशीनला म्हटलं, आज चार नाही, दहा भरायच्या, उद्या उरलेल्या. टाकी लावायची, बाहेर येऊन आंब्याखाली बसायचं, भरली की आत जाऊन दुसरी लावायची. आत थांबवत नव्हतं, डोकं फुटत होतं. हार्लनला दुपारी दोनदा ओकारी झाली. आत्याच्या कालच्या माशाची करामत.

दहा भरल्या. मशीनने तक्रार केली नाही. माणसांपेक्षा बरं.

१२ मे, रविवार

चर्चला गेले नाही, देवाने समजून घ्यावं. वीसच्या वीस भरल्या. दोन टाक्या ओसरीवर आणून ठेवल्यात, उद्या सकाळी सातला मी आणि हार्लन भिंतीवर तीस मीटरची चाचणी बुडी मारणार. पाहुण्यांना नेण्याआधी त्याच टाक्यांनी, त्याच जागी आधी स्वतः उतरायचं, हा माझा नियम. पापांच्या काळात असले नियम नव्हते.

डॉक्टरांना लिहिलं, सगळं तयार आहे.

जेवताना आत्या म्हणाली, तो विचारतोय, नोएमी किती वाजता उतरणार? मी म्हटलं, सात वाजता, तीस मीटर, आणि काही विचारायचं असेल तर माझ्या तोंडावर विचारायला सांग. अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्यांना माझ्या कामाची चौकशी करावीशी वाटली. मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. जिरली असं वाटलं.

१४ मे, सान आंद्रेस

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

काल सकाळी सहाला ओसरीवर आले. पापा वेताच्या खुर्चीत बसले होते. माझ्या दोन टाक्यांपैकी एक त्यांच्या गुडघ्यांमध्ये उभी. तोंडात श्वास घ्यायचा तुकडा. कोरड्या जमिनीवर, लेंगा-बनियनवर, ते टाकीतली हवा ओढत होते. शेजारी स्टुलावर आत्या, मांडीवर स्वयंपाकघरातलं घड्याळ. म्हणाली, पाचपासून बसलाय, उठत नाही.

मी हसले. हे लिहिणं भाग आहे. मी हसले आणि म्हणाले, "वा. घ्या, हवा संपवा माझी. पुन्हा खोल पाण्यात जायचं राहिलं होतं ना तुमचं, ओसरीवर तरी जाऊन या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोटाने खूण केली, बस. मी बसले नाही. दुसरी टाकी आहेच, तिसरी शेडमधून आणू, असा विचार करून मी पायरीवर माझे पंख बांधत, पट्टे तपासत राहिले. दहा मिनिटं, जास्तच. मध्ये एकदा मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा लाल दिसला. मला वाटलं, आता लाज वाटतेय.

मग तोंडातला तुकडा गळून टाकीवर आपटला आणि पापा खुर्चीतून माझ्या बाजूला कलले.

आत्या ओरडली नाही. घड्याळ खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "तो म्हणाला होता, मी पडलो तर तिला पाण्यात जाऊ देऊ नकोस. मला वाटलं, नाटक करतोय."

हार्लनने त्यांना पाठीवर घेतलं. सकाळच्या विमानात एक खाट मावेल एवढ्या जागा रिकाम्या करायला लावल्या. वीस मिनिटं मी त्यांची नाडी धरून बसले होते, ती होती.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त पाहून पहिला प्रश्न विचारला, इंजिन कुठे ठेवता? मी सांगितलं. फळ्यांचं, पोत्यांचं, ताडपत्रीचं, नळी आत घेतल्याचं, सगळं. खेकड्यांमुळे, असंही मी म्हणाले. त्या मान हलवत लिहीत होत्या. मी म्हटलं, पण गाळणी आहे. त्या म्हणाल्या, जुन्या इंजिनाचा धूर सांध्यांतून आत झिरपतोच, बंद शेडमध्ये नळीने तोच ओढला; गाळणीत वास अडकतो, धुरातलं विष अडकत नाही. तुमच्या वडिलांनी ती हवा जमिनीवर घेतली म्हणून ते इथे आहेत. तीस मीटरवर दाबाने तेच विष चौपट होतं, तिथे तुम्ही ती पाच-सहा मिनिटं घेतली असती तरी वर आला नसता.

पापांना रक्तातलं विष काढायला दाबाच्या खोलीत ठेवलंय. जी माझ्या सात वर्षांत एकदाही लागली नव्हती.

म्हणजे नाकाला बोट लावलं ते त्यासाठी होतं. आणि कोंबडी. आणि अठरा टाक्या.

मला राग येतोय. लाज वाटायला हवी, ती वाटते, पण तिच्याखाली राग आहे आणि तो जात नाही. एक शब्द बोलले असते तर. धूर. एवढा एकच शब्द. त्यासाठी वाचता यावं लागत नाही.

संध्याकाळी

डॉक्टर ऊर्रेगो आणि त्यांचे सात जण आजच मेडेलीनहून इथे उतरले, पुढच्या विमानाची वाट पाहत होते. विमानतळ दवाखान्यापासून दहा मिनिटांवर. फोन करून टाळता आलं असतं. चालत गेले.

पत्रांवरून मला ते उंच वाटले होते. ठेंगणे निघाले, गळ्यात पाण्यातला कॅमेरा. मला मिठी मारायला पुढे आले. मी हात वर करून थांबवलं आणि सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, आठ जणांसमोर. एक तरुण माणूस भडकला, म्हणाला तुमच्यावर खटला भरायला हवा. मी म्हटलं, भरा. शाकाहारी बाई रडायला लागली.

डॉक्टर म्हणाले, "परवा लिहिलंत की सगळं तयार आहे."

"हो."

"आमच्यासाठी ठेवलेल्या टाक्यांतही हेच होतं?"

"शेवटच्या सगळ्यांत. वीसच्या वीस."

त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून पिशवीत ठेवला. म्हणाले, बाई, तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत, नाहीतर कळलंही नसतं. पण तुमच्याबरोबर मी पाण्यात उतरू शकत नाही. मी म्हटलं, मीही उतरले नसते. त्यांचं सामान मालाच्या बोटीने परत पाठवायचं कबूल केलं. ते सगळे परतीच्या विमानाची चौकशी करायला गेले. माझे पहिले पाहुणे. हस्तांदोलनसुद्धा झालं नाही.

१६ मे

दुपारी पापा शुद्धीवर आले. उजवा हात थरथरतो, बाकी ठीक, असं म्हणतात. आत्याने त्यांना पाणी पाजलं आणि मुद्दाम बाहेर निघून गेली.

मी दोन दिवस ठरवत होते की पाया पडायचं, माफी मागायची. समोर ते उशीला टेकून, तोच तो बंद चेहरा, आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"तुम्हाला तोंड नव्हतं का, पापा? फळ्या काढता, कोंबड्या ठेवता, टाक्या सोडता, मरायला बसता. बोलता येत नव्हतं? मी गेले असते खाली. हार्लन गेला असता. आठ माणसं गेली असती. तुमच्या त्या अबोल्यापायी."

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिलं. पाहू दे म्हटलं.

पापांचा आवाज मी जवळजवळ विसरले होते. घोगरा झालाय. "बोलणार होतो," ते म्हणाले. "शनिवारी. तू बोलत होतीस."

ओठ हलले होते ते. मी खुर्चीत बसले.

ते म्हणाले, "आणि बोलून, नाहीतर एल्व्हिनाकडून सांगून, काय झालं असतं? इंजिनाचा धूर आत येतोय, असं अडाणी माणसाने सांगितलं असतं. तू गाळणी दाखवली असतीस."

दाखवली असती. मी त्यांना गाळणी दाखवली असती, पुस्तकातलं पान दाखवलं असतं आणि मग त्यांना ते वाचता येत नाही याची आठवण करून दिली असती. मला माझं बोलणं ऐकू आलं, शब्दन् शब्द. त्यांनी तरी बोलायलाच हवं होतं, हे मी अजूनही म्हणते. दहा वेळा गाळणी दाखवली असती तरी अकराव्यांदा बोलायचं. बापाने बोलायचं.

मग त्यांनी विचारलं, "टाक्या रिकाम्या केल्यास?"

केल्या नव्हत्या. शेडला कुलूप होतं, किल्ली हार्लनकडे, आणि हार्लनला गावात कुणी टाकी मागितली तर तो कधी नाही म्हणत नाही. या चार दिवसांत मी स्वतःवर, पापांवर, डॉक्टरांवर, खेकड्यांवर रागावले होते, आणि त्या टाक्या तिथेच उभ्या होत्या.

हार्लनला फोन लावला. तो घरीच होता. एकही टाकी कुणी नेली नव्हती. मी म्हटलं, आत्ता जा, सगळी दारं उघड, फळ्या काढ, टाक्या अंगणात आण आणि सोड. फोन बंद करू नकोस. तो म्हणाला, अंगणात पाय ठेवायला जागा नाही, खेकडे पसरलेत. मी म्हटलं, मग त्यांच्यामधून चाल.

पहिली तोटी उघडल्याचा आवाज आला. पापांनी थरथरता हात पुढे केला. मी फोन त्यांच्या कानाला धरला आणि धरून उभी राहिले. ते डोळे मिटून ऐकत होते, एकेका टाकीला ओठांनी आकडा म्हणत. लिहिता-वाचता येत नाही, पण मोजणं पक्कं आहे. माझा हात अवघडला तरी मी बदलला नाही. शेवटी ते थांबले, वाट पाहिली आणि डोळे उघडले.

"एकोणीस," ते मला म्हणाले. "एक राहिली."

"ती इथे आहे, पापा. तुमची. डॉक्टरीणबाईंनी तपासायला मागवली होती."

"सोडायला सांग."

मी उठून सांगायला गेले.